गाडी वळण्यापुरती जागा

सध्या आमच्या हिवरटेकात गरिबाची जागा रिकामी आहे. गावात गरीब उरले नाहीत, असा अर्थ कुणी काढू नये. गरीब भरपूर आहेत, वस्तीवस्तीवर आहेत. रिकामी आहे ती गावाच्या अधिकृत गरिबाची जागा. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचा चेअरमन यांच्यासारखंच ते पद, फक्त त्याला निवडणूक नसते. बरीच वर्षं ते बनुबाईकडे होतं. तिनं ते कसं सोडलं हे मी माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारातून पाहिलं आहे, कारण गिरणी तिच्या घराच्या बरोबर समोर आहे.

बनुबाई गरीब होती यात खोटं काही नव्हतं. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिची एकुलती एक निकिता अंगणवाडीत जात होती. जमीन म्हणावी तर टेकडीच्या कडेचा मुरमाड तुकडा, तिथं हुलगेसुद्धा उपकार केल्यासारखे उगवायचे. दुसऱ्याच्या रानात खुरपून, कांदे काढून तिनं पोर वाढवली. पण तिच्याहून गरीब माणसं गावात होती. टेकडीवरची मनकर्णा तर उघडउघड जास्त गरीब, तिच्या छपराला धड पत्राही नव्हता. तरी मान बनुबाईला मिळाला.

झालं असं, की एका दुष्काळी वर्षी कुणी मोठे साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, मला गरिबाचं घर दाखवा. सगळ्यांच्या तोंडी मनकर्णाचंच नाव आलं. पण टेकडीवर जायला पायवाट, आणि साहेबांच्या मागे गाड्यांचा ताफा. ओढूनताणून चढवल्या तरी वळवायच्या कुठं? बनुबाईच्या दारात जुनं खळं होतं, मळणी यंत्रं आल्यापासून ओस पडलेलं, अगदी रस्त्याला लागून. तिथं दहा गाड्या आरामात वळल्या असत्या. मग साहेब तिच्या ओसरीवर बसले, पिठलं-भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते रुमालानं टिपलं, आणि नेमका तोच फोटो पेपरात आला. तेव्हापासून हिवरटेकात कुणीही आलं की गरिबी पाहायला बनुबाईकडे, असा रिवाजच पडला.

गावात पॅनेल दोन. एक काकासाहेबांचं, दुसरं कल्याणचं. स्मशानभूमीच्या शेडपासून बैलपोळ्याच्या मिरवणुकीपर्यंत त्यांचं कशावरही जमत नाही, पण खरं भांडण गरिबीवर. काकासाहेब माजी सरपंच, बागायतदार माणूस. त्यांचं म्हणणं, फुकट दिलं की माणूस हातचा जातो, हाताला काम द्या, घामाचं खाऊ द्या. हे ते बहुधा पारावर आडवे होऊन सांगतात. कल्याण तिशीतला, पुण्याला शिकून आलेला. त्याचं म्हणणं, गरिबाला काय लागतं ते गरिबाला कळतं, तुम्ही कोण ठरवणार? थेट हातात पैसे द्या आणि बाजूला व्हा. तो स्वतः मात्र बाजूला कधी झाला नाही. पैसे सरकारनं टाकायचे आणि फोटोत मधोमध कल्याण.

दोघांनीही आपापला उपाय बनुबाईवर करून पाहिला. काकासाहेबांनी तिला शिलाई मशीन मिळवून दिलं. तिला मशीनच्या सुईत दोरा ओवता येत नव्हता, म्हणून मशीनवर फडकं घालून तिनं वर खंडोबाचा टाक बसवला. मग पापड-लोणच्याचं प्रशिक्षण झालं, मग शेळ्या आल्या, आणि त्यातल्या एका शेळीनं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र खाल्लं. कल्याणनं तिचा सरकारी हप्ता सुरू करून दिला आणि त्या आनंदात तिच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लावला. ‘गरिबाच्या हाती थेट बळ’ असं त्यावर लिहिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात तो फ्लेक्स शेळ्यांच्या छपरावर गेला आणि तिथं मात्र त्याचा खरोखर उपयोग झाला.

बनुबाई या कामात तरबेज होत गेली. काकासाहेबांचे पाहुणे आले की ती म्हणायची, सायेब, आमाला भीक नको, हाताला काम द्या. कल्याणचे आले की म्हणायची, चार पैसे हातात आले तर गरीब मानसासारखा जगतो. जो येईल त्याला त्याच्या मनातलं उत्तर मिळायचं. पाहुण्यांसाठी तिनं एक लुगडं वेगळं ठेवलं होतं, त्याला ठिगळ तिनं स्वतः हौसेनं लावलं होतं. अभिमान तर असा, की गिरणीत दळण घेऊन आली की ऐकवायची, या हातचं पिठलं दोन माजी मंत्र्यांनी खाल्लंय. मनकर्णा शेजारी उभी असली तर तिच्याकडे बघून मान हलवायची आणि म्हणायची, “तुला न्हाई जमायचं बाई. तू लई खरं बोलती.”

इकडे निकिता बारावी झाली आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागली. आधी ठेकेदाराकडे, मग कायम, मग एका लाईनीची सुपरवायझर. काकासाहेबांनी शब्द टाकला नव्हता, कल्याणनं अर्ज भरला नव्हता. फाट्यावर कंपनीची बस यायची, ही चढायची, एवढंच. त्या बसनं बनुबाईच्या घरात हळूहळू फरशी आली, गॅस आला, पलंग आला, फ्रिज आला. पण हे सगळं मागच्या खोलीत. पुढची खोली बनुबाईनं हलू दिली नाही. तिथं शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, भिंतींना गिलावा नाही. मधे पडदा. पडद्याच्या मागं संसार आणि पुढं गरिबी.

दोन्ही पॅनेलना पडद्यामागचं ठाऊक होतं. माहीत नसायला काय झालं, त्यांच्या साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच फ्रिजमध्ये गार व्हायच्या.

निकिताला या सगळ्याची लाज वाटायची. ती घरी असताना पाहुणे आले तर माझ्या गिरणीत येऊन पोत्यावर बसून राहायची. एकदा ती आईला म्हणाली, बास कर की आता. त्यावर बनुबाईनं जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, “अगं, येत्यात बिचारे. त्यांना तरी दुसरं कोन हाय?”

अशात केडगावचं स्थळ आलं. मुलगा राम, सुप्यालाच दुसऱ्या कंपनीत. बस थांब्यावर निकितानं त्याला पाहिलेला होता आणि आईजवळ म्हणाली होती, मुलगा बरा वाटतो. ही पोर मोजकं बोलणारी, तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे बनुबाईनं काय ते ओळखलं. मुलाचे वडील राधाकृष्णराव एसटीतून रिटायर झालेले, दुमजली घर. रविवारी दुपारी ते मुलीला आणि घराला पाहायला येणार ठरलं. निकितानं आईकडे एकच गोष्ट मागितली, पुढची खोली माणसात आण. बनुबाई दोन दिवस गप्प होती, कुणी राजीनामा मागितल्यासारखी. मग तिसऱ्या दिवशी गवंडी आला, गिलावा झाला, खाली फरशी बसली, चूल फुटली आणि भिंतींना पिस्ता रंग लागला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. रंग जरा भडक होता, पण पोरीच्या चेहऱ्यावर हसू होतं.

आणि शनिवारी सकाळी काकासाहेब आणि कल्याण एकाच मोटारसायकलवरून आले. गावात असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं, मी गिरणी बंद करून बाहेर आलो. भानगड अशी होती, की जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि नगरच्या एका चॅनेलनं हिवरटेकात जाहीर चर्चा ठेवली होती. विषय, गरिबी हटवायची कशी, काम देऊन की पैसे देऊन? चर्चा गरिबाच्या दारात व्हायची होती, म्हणजे बनुबाईच्या. वार रविवार.

पिस्ता रंग पाहून दोघांचेही चेहरे उतरले. काकासाहेब म्हणाले, हे काय करून बसलीस, न विचारता? बनुबाईनं आयुष्यात प्रथमच आपल्या पदाची शिफारस दुसऱ्याकडे केली. मनकर्णाकडे जा म्हणाली, ती खरी गरीब हाय. कल्याण हातच जोडायला लागला. मावशी, चॅनेलची गाडी वर चढायची नाही, आणि चढली तरी वळायची नाही.

शेवटी तोड निघाली. चर्चा सकाळी दहाला सुरू करून बाराच्या आत संपवायची. तेवढ्यापुरती रंगवलेली भिंत झाकायची. दुपारी ते झाकण काढून खोली सोयऱ्यांसाठी सजवायची. सुप्याच्या फैयाज मंडपवाल्याला या काढण्या-सजवण्याचा ठेका दिला. बनुबाई राजी झाली. मला तिचा राग आला. दोन एवढी मोठी माणसं दारात उभी राहून गरीब हो म्हणून विनवत होती, तो मोह तिला आवरला नाही. निकितानं ऐकलं आणि पडदा ओढून मागं गेली.

त्या संध्याकाळी जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. काकासाहेबांनी आपल्या कांदा चाळीतून जुनी गोणपाटं आणली. कल्याणनं फाटकी ताडपत्री आणली. एक शिडी धरतोय, दुसरा खिळा मारतोय. नव्या फरशीवर माती पसरून झाली, आमच्या गिरणीमागच्या तीन दगडांची चूल मांडून झाली. गरिबी हटवण्यावर ज्यांचं उभ्या आयुष्यात एकमत झालं नव्हतं, त्यांचं ती परत आणण्यावर तासाभरात झालं.

रविवारी चॅनेलची गाडी साडेअकराला आली. मग जनरेटर, मग माईक, मग निवेदिकेच्या केसांवर ऊन येतंय म्हणून खुर्च्या फिरवणं. चर्चा सुरू व्हायला एक वाजून गेला. दार सताड उघडं ठेवून बनुबाई पुढच्या खोलीत, ठिगळाचं लुगडं नेसून गोणपाटासमोर बसली होती, गर्दी बाहेर खळ्यात. काकासाहेब म्हणाले, या माउलीला फुकटचा पैसा देऊन तुम्ही तिचे हात पंगू करताय. कल्याण म्हणाला, या माउलीला तुम्ही शेळ्या आणि मशीन देऊन राबवताय, तिला एकदा तरी विचारलंत का? दोघंही तिच्याकडे बोट करत होते आणि दोघांनीही तिला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या दारात केडगावची गाडी थांबली. राधाकृष्णराव, त्यांची बायको आणि राम. राहूकाळ टाळायला म्हणून लवकर निघाले होते. मी त्यांना घाईघाईनं गिरणीपुढं खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. राधाकृष्णरावांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, गरिबीवर चर्चा. त्यांनी विचारलं, कुणाच्या? मी गिरणीचा पट्टा तपासायला आत गेलो.

बाहेर कल्याणचा आवाज चढला होता. या घरात लग्नाची मुलगी आहे, तो सांगत होता, आणि या आईकडे तिला निरोप द्यायला नवं लुगडं नाही. काकासाहेबही मागं हटले नाहीत, म्हणाले, मुलीचं लग्न कसं होणार या काळजीनं ही बाई रात्र रात्र जागते. बनुबाईनं त्याच वेळी मान वर केली आणि गर्दीपलीकडे तिला राधाकृष्णराव दिसले. तिच्या तोंडाचं पाणी पळालं. निवेदिकेनं माईक नेमका तेव्हाच तिच्यापुढं धरला. मावशी, तुम्हीच सांगा, काम पाहिजे की पैसे?

इतकी वर्षं एकेकाला वेगवेगळं उत्तर देत आलेली बाई, आज दोघंही समोर. ती म्हणाली, दोन्ही सायबांचं बराबर हाय. काही लोक हसले.

त्याच्या पुढचं उत्तर तिला द्यावं लागलं नाही, कारण दोन वाजले. आमच्या भागात वेळ पाळणारा माणूस एकच, फैयाज मंडपवाला. दोन वाजता गोणपाट उतरवायचं असं त्याला सांगितलं होतं, पुढं गेलं तर थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या माणसांनी शिड्या लावल्या आणि कॅमेऱ्यासमोर सरसर गोणपाट खाली ओढलं. मागून पिस्ता भिंत आली. चौघांनी लाल सोफा आणून बनुबाईच्या शेजारी ठेवला. पडदा सरकला तेव्हा मागचा फ्रिजही दिसला.

कुणीही दुसरा असता तर लाजेनं मेला असता, पण पुढारी असा मरत नसतो. काकासाहेबांनी क्षणभरही न दवडता भिंतीकडे हात केला. पाहा, हाताला काम दिलं की घर असं उभं राहतं. कल्याणनं माईक ओढला. थेट हातात पैसा दिला की काय होतं, त्याचा हा जिवंत पुरावा. बनुबाई गरीब होती तोवर दोघंही एकमेकांना दोष देत होते, ती गरीब नाही म्हटल्यावर दोघंही त्या यशाचे बाप व्हायला निघाले. चॅनेलवाल्यांना दोन्ही चाललं. त्यांनी सामान आवरलं, गाडी खळ्यात वळवली आणि गेले.

मग बघण्याचा कार्यक्रम झाला. काकासाहेब आणि कल्याण एरवी निघून गेले असते, पण दोघांचे घसे बसले होते. फ्रिजचं गार पाणी पिता पिता ते गावची वडीलधारी माणसं म्हणून सोफ्याशेजारी बसले. मलाही बोलावलं. निकिता पोहे घेऊन आली. मला वाटलं होतं राधाकृष्णराव चिडून उठतील, पण माणूस समजूतदार निघाला. झाल्या प्रकारावर हसले. म्हणाले, एसटीत अख्खा जन्म गेला, माणसं ओळखता येतात, घर कष्टाचं आहे. मुलगी पसंत. रामनं हळूच निकिताकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली, आणि बनुबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला.

“फक्त एक आहे,” राधाकृष्णराव म्हणाले. “लग्नानंतर कंपनी बंद. आमच्याकडे सुनांनी शिफ्टला जायची पद्धत नाही. देवाच्या दयेनं काही कमी नाही. तिला आम्ही सांभाळू.”

गरिबीवरचा हा तिसरा उपाय. हाताला काम देणारे एक, हातात पैसा देणारे दुसरे, आणि हे मुळात हातच घरी ठेवून घेणारे. मला वाटलं, निदान आता तरी आमचे दोन तत्त्ववेत्ते तोंड उघडतील. त्यांनी उघडलं. काकासाहेब, ज्यांनी जन्मभर घामाचं खा म्हणून सांगितलं, ते म्हणाले, बरोबर आहे, लेकीबाळीला काय करायची नोकरी, घर सांभाळावं. आणि गरिबाच्या हातात पैसा पाहिजे म्हणून फ्लेक्स लावणारा कल्याण म्हणाला, मावशी, पोरगी सुखात पडेल, आणखी काय पाहिजे? दोन दिवसांत त्यांचं हे दुसऱ्यांदा एकमत झालं.

राम दारात काढलेल्या आपल्या बुटांकडे पाहत होता. निकितानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो काही बोलेल अशी तिला आशा होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तो बुटांकडेच पाहत राहिला. तेव्हा ती म्हणाली, “मी काम सोडणार न्हाई.”

राधाकृष्णराव रागावले नाहीत, माणूस चांगला होता. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि बनुबाईकडे पाहिलं. पोरी बोलतात, आया समजावतात, हे त्यांना ठाऊक होतं. काकासाहेबांनीही पाहिलं. कल्याणनंही. “बनुबाई,” काकासाहेब म्हणाले, “सांग पोरीला.”

बनुबाई बोलायला लागली की समोरच्याच्या मनातलं बोलते, हे सगळ्या गावाला माहीत. मी मनातल्या मनात तिचं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं, पाव्हनं म्हनत्यात ते बराबर हाय. आणि त्यात तिचं जाणार काय होतं? पोर केडगावला गेली, पगार थांबला, की हळूहळू फ्रिज जाईल, रंग उडेल, आणि पद पुन्हा तिचंच. पिठलं खायला पुन्हा गाड्या येतील. त्या दोघांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं मला दिसत होतं.

ती लुगड्याच्या ठिगळाशी चाळा करत होती. निकितानं तिच्याकडे पाहिलं नाही, आईचा तिला मुळीच भरवसा नव्हता. ती पोह्यांच्या बशा गोळा करायला लागली आणि ते आईनं पाहिलं. बनुबाई उठली, दारापर्यंत गेली, तिथून बाहेर खळ्याकडे पाहिलं आणि वळली.

“पाव्हनं,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “आमच्या दारात गाडी वळायला जागा लई हाय.”

राधाकृष्णरावांना समजायला थोडा वेळ लागला. काकासाहेबांना आणि कल्याणला मात्र लगेच समजलं, त्यांची पाण्याची भांडी तोंडापाशीच थांबली. निकिता रडत मागं गेली. तिला आवडलेला मुलगा हातचा गेला होता, त्याचं दुःख खोटं नव्हतं. बनुबाई तिच्यामागं गेली नाही, पाहुण्यांना निरोप देईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली, पदर नीट करून. राम गाडीत बसला आणि काच वर केली. गाडी एका दमात वळली.